डिझेल पिकअपसाठी आफ्टरमार्केट एअर फिल्टर: कागदी, ड्राय सिंथेटिक, कॉटन, फोम, सगळे वापरून झाल्यावरचं माझं मत

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. तुमची डिझेल पिकअप कच्च्या रस्त्याला लागत असेल, मागं माल असेल, पुढच्या गाडीची धूळ अंगावर घेत जावं लागत असेल तर मूळ डब्यात जसाच्या तसा बसणारा कोरडा फिल्टर घ्या, कागदी किंवा कागद आणि सिंथेटिक मिश्र, आणि तो अशा कंपनीचा घ्या जिचा मूळ धंदाच फिल्टर बनवायचा आहे. धुवून परत वापरायचाच असेल तर बिनतेलाचा ड्राय सिंथेटिक. तेल लावलेला कॉटनचा फिल्टर डांबरी रस्त्यावरच फिरणाऱ्या गाडीला चालेल, कामाच्या गाडीला मी लावणार नाही. आणि डबाच काढून टाकून उघडा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर, बसवायचं जे किट मिळतं ते तर धुळीत काम करणाऱ्या गाडीला अजिबात नको. हे चारही मटेरियलचे फिल्टर माझ्या तीन लिटरच्या टर्बो डिझेलला लावून झालेत, काढलेलं इंजिन ऑइल लॅबमधून तपासून घेतलंय, त्यामुळं ठामपणे लिहितोय.

लोक फिल्टर बदलायच्या मागं का लागतात? ताकद वाढेल, ॲव्हरेज वाढेल आणि एकदा घेतला की आयुष्यभर धुवून वापरायचा. यातलं ताकदीचं आधी बघू, कारण सगळ्यात जास्त जाहिरात त्याचीच असते.

तीन लिटरचं फोर स्ट्रोक इंजिन 3500 आरपीएमला फिरत असेल तर टर्बोशिवाय (टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) मिनिटाला साधारण सव्वापाच हजार लिटर हवा ओढेल. टर्बोचा बूस्ट, म्हणजे वाढवलेला दाब, एक बारच्या आसपास धरला तर ढोबळमानानं दुप्पट, म्हणजे दहा हजार लिटर, सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) 350 च्या जवळपास. आता बॉक्सवर कुणी 800 सीएफएम, 1000 सीएफएम असं लिहिलं तरी तुमच्या इंजिनाला ती हवा लागतच नाही. मूळ फिल्टर ही गरज भागवायलाच बनवलेला असतो आणि त्यात धूळ साठायला लागेल म्हणून मुद्दाम जास्तीची जागा ठेवलेली असते. फिल्टरचा अडथळा इंच पाण्यात मोजतात, एक इंच पाणी म्हणजे साधारण 0.25 केपीए, आणि बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला 101 केपीए. म्हणजे नवीन भारी फिल्टरनं एक इंच अडथळा वाचवला तरी फायदा पाव टक्क्याचा, तोही टर्बो नुसता थोडा जास्त फिरून भरून काढतो. वरून डिझेल इंजिनात डिझेल किती मारायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो, हवा जरा जास्त आली म्हणून तो आपणहून जास्त ताकद देत नाही. इंजिनाचा ट्यून बदललाय, मोठा टर्बो बसवलाय तर वेगळी गोष्ट, तेव्हा फिल्टर आणि पाइप दोन्ही मोठे लागतात. स्टॉक, म्हणजे काही बदल न केलेल्या गाडीला मात्र नवीन किट लावल्यावर जो फरक जाणवतो तो बहुतेक आवाजाचा असतो, टर्बोची शिट्टी मोकळी ऐकू येते आणि गाडी हलकी झाल्यासारखी वाटते. ॲव्हरेजचंही तसंच, पूर्ण चोंदलेला फिल्टर काढून नवीन टाकला तर थोडा फरक पडेल, पण तो फरक कुठलाही नवीन फिल्टर देईल.

आता धुळीकडं या, कारण फिल्टरचं काम तेच आहे. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला हिशोबानं किमान दहा हजार लिटर हवा लागते आणि डिझेल इंजिन नेहमी त्याहून जास्त हवेवर चालतं. म्हणजे एका टाकीत किती हवा आत गेली त्याचा अंदाज करा आणि ती हवा पुढच्या ट्रकनं उडवलेल्या धुरळ्यातली असेल तर काय होईल ते बघा. मोठे खडे, पानं, किडे हे कुठलाही फिल्टर अडवतो. नुकसान करतात ते साधारण 5 ते 20 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण, आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो त्यावरून कल्पना करा. रिंग आणि लायनरच्या मध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो त्याच्याच मापाचे हे कण असतात, म्हणून ते बरोबर तिथं अडकतात आणि पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. त्याच्याही आधी ते टर्बोच्या कॉम्प्रेसर व्हीलला लागतात, ते व्हील मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतं, पात्याच्या पुढच्या कडा हळूहळू झिजून बोथट होतात. मग कॉम्प्रेशन गेलं, गाडी ऑइल खायला लागली, ब्रीदरमधून (इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर यायला लागला की इंजिन उतरवायची वेळ येते.

म्हणून बॉक्सवर 98 टक्के आणि 99 टक्के असं दिसलं की एकाच टक्क्याचा तर फरक आहे असं म्हणू नका. आकडा उलटा वाचायचा. 100 ग्रॅम धूळ आली तर 99 वाल्यातून एक ग्रॅम आत जाणार, 98 वाल्यातून दोन ग्रॅम, म्हणजे डबल. 99.5 आणि 97 अशी तुलना केली तर अर्धा ग्रॅम आणि तीन ग्रॅम, सहापट! हे कळल्यापासून मी फिल्टर घेताना पहिला प्रश्न हाच विचारतो की आयएसओ 5011 चा टेस्ट रिपोर्ट आहे का. एअर फिल्टर तपासायची ही जगभर वापरली जाणारी पद्धत आहे, ठरलेल्या हवेच्या प्रवाहात ठरलेली टेस्ट डस्ट सोडत राहतात आणि अडथळा ठरलेल्या मर्यादेला पोचेपर्यंत किती धूळ अडकली आणि किती पलीकडं गेली ते वजन करून बघतात. त्यात तीन गोष्टी बघायच्या, किती टक्के धूळ अडवली, चोंदेपर्यंत किती ग्रॅम धूळ पोटात घेतली आणि नवीन असताना अडथळा किती होता. आणि बारीक प्रिंटमध्ये डस्ट फाइन होती की कोर्स तेही बघा, कोर्स म्हणजे जाड धुळीवर कुठलाही फिल्टर हुशार दिसतो. टक्का दिलाय पण डस्ट कुठली ते लिहिलंच नाही, अशा आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.

कागदी फिल्टरबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. तो अगदी नवा असतो तेव्हा सगळ्यात कमी धूळ अडवतो. वापरताना घड्यांवर धुळीचा जो थर बसतो तो थरच पुढची धूळ अडवायला मदत करतो, त्यामुळं थोडा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा चांगलं काम करतो. म्हणून दर आठवड्याला डबा उघडायचा, फिल्टर काढायचा, टायरवर आपटायचा, कॉम्प्रेसरची हवा मारायची आणि परत बसवायचा ही जी पद्धत सगळीकडं चालते तिच्यानं इंजिनाचं नुकसानच होतं. हवेच्या प्रेशरनं कागदाला डोळ्यानं न दिसणाऱ्या चिरा जातात, घड्या एकमेकींना चिकटतात, आणि आपटताना कडेचं सील वाकडं होतं. हवा मारून आलेला फिल्टर अंधारात धरून आतून टॉर्च लावून बघा, घडीच्या टोकाशी कुठं टाचणीएवढा उजेडाचा ठिपका दिसला तर तो फिल्टर तिथंच टाकून द्या, सगळी हवा त्याच वाटेनं जायला बघणार. आडरानात दुसरा इलाज नसेल आणि हवा मारायलाच लागली तर आतून बाहेरच्या दिशेनं, दोन बारच्या खाली आणि नोझल लांब धरून, आणि पोचल्यावर नवीन टाकायचा.

आता तेलाचा कॉटन फिल्टर. के अँड एनमुळं हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे, एएफईकडं प्रो फाइव्ह आर नावानं असाच तेलाचा येतो. जाळीच्या मध्ये कॉटनचे थर आणि त्यावर चिकट तेल, धूळ तेलाला चिकटते. हवा मोकळी जाते हे खरं आहे, वर्षानुवर्षं टिकतो हेही खरं आहे. अडचण अशी की तो किती धूळ अडवणार हे तुम्ही त्याला तेल कसं लावता त्यावर ठरतं. कमी लावलं तर कोरड्या जागेतून धूळ सरळ आत. जास्त लावलं तर तेलाचे बारीक थेंब हवेबरोबर जाऊन आत येणारी हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरच्या फिल्मवर बसतात, त्यावर धूळ चिकटते आणि सेन्सर हवा कमी दाखवायला लागतो. डिझेलमध्ये हा सेन्सर मुख्यतः ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) सांभाळायला आणि धूर होऊ नये म्हणून डिझेलवर मर्यादा ठेवायला वापरतात, त्यामुळं रीडिंग चुकलं की गाडीची ओढ जाते, चेक लाइट लागतो. माझ्या ओळखीतल्या एकाच्या पिकअपला हेच झालं होतं, कंपनीचं नाव घेत नाही, कॉटन फिल्टर धुवून भरपूर तेल मारून बसवला आणि थोड्याच दिवसांत गाडी चढाला मरायला लागली. इंजेक्टरपर्यंत संशय गेला. शेवटी सेन्सर काढला तर फिल्मवर तपकिरी चिकट लेप, बोटाला न लावता सेन्सर क्लीनरचा स्प्रे मारून वाळवला, नवीन कोरडा फिल्टर टाकला आणि गाडी पहिल्यासारखी पळायला लागली. इथं एक सांगतो, टर्बोच्या तोंडाशी पाइपात जो ऑइलचा ओलावा असतो तो बहुतेक वेळा क्रँककेस ब्रीदरमधून आलेला असतो, त्याचा दोष फिल्टरला देऊ नका. सेन्सर त्याच्या आधी असतो, तो बघायचा.

धुवायचं काम पण सोपं नाही. क्लीनर लावा, आतून बाहेर कमी प्रेशरनं पाणी सोडा, सावलीत नैसर्गिक वाळू द्या, हवा किंवा हीटर मारायचा नाही, मग प्रत्येक घडीवर एकच हात तेल, मग ते पसरायला वेळ द्या. हे सगळं नीट करणारी माणसं आहेत, त्यांच्या गाडीला हा फिल्टर चालतो. पण कामाची गाडी दुपारी आली आणि पहाटे परत निघायची असेल तर हे होणार नाही, घाईत ओला फिल्टर बसणार.

ड्राय सिंथेटिक मला मनापासून आवडला. एईएमचा ड्रायफ्लो, एएफईचा प्रो ड्राय एस हे या प्रकारातले, तेल नाही त्यामुळं सेन्सरची काळजी नाही, पाण्यानं फुगत नाही. कागद ओला झाला की फुगतो आणि हवा अडते, धुकं, पाऊस, समुद्रकाठ अशा ठिकाणी सिंथेटिक यात पुढं आहे. पण ड्राय लिहिलंय म्हणून कागदाइतकी धूळ अडवेलच असं नाही, मॉडेलप्रमाणं फरक पडतो, परत तोच रिपोर्ट मागायचा. आणि सगळे ड्राय फिल्टर पाण्यानं धुवायचे नसतात, काही नुसते झटकून किंवा हलकी हवा मारून साफ करायचे असतात, बॉक्सवर बघून घ्या.

फोमचं थोडक्यात. तेलातला जाड फोम खूप धूळ पोटात घेतो, रॅलीवाले, वाळवंटात चालवणारे वापरतात. पण काही वर्षांनी फोम कुजायला लागतो आणि त्याचा भुगा टर्बोत जाऊ शकतो, पेट्रोलनं धुतला तर चिकटवलेले जोड सुटतात. मी काढून ठेवला.

कागदीमध्येही सगळे सारखे नाहीत. मान, माहले, डोनाल्डसन, फ्लीटगार्ड ही फिल्टरमधली मुरलेली नावं आहेत, डोनाल्डसनकडं कागदावर नॅनोफायबरचा अतिशय पातळ थर दिलेला अल्ट्रा-वेब मीडिया (हवा गाळणारं मटेरियल) आहे, धूळ कागदाच्या आत न शिरता वरच अडकावी ही त्यामागची कल्पना. त्यांच्याच पॉवरकोरमध्ये नेहमीच्या घड्या नसतात, पन्हाळीसारख्या नळ्या असतात, कमी जागेत जास्त मीडिया बसतो. दुकानात दोन फिल्टर शेजारी ठेवले तर साधी गोष्ट बघा, घड्या मोजा आणि घडीची खोली बघा. मीडियाचं क्षेत्रफळ जितकं जास्त तितकी प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून हवा हळू जाते, धूळ जास्त अडकते आणि फिल्टर जास्त दिवस चालतो. मटेरियल कुठलं याच्यापेक्षा कित्येकदा हेच महत्त्वाचं ठरतं. स्वस्तातल्यात घड्या लांब लांब आणि उथळ असतात, बोटानं दाबलं की हलतात.

एवढं सगळं बघून घेतलेला फिल्टर नीट बसला नाही तर सगळं वाया. मी एकदा डब्याचा इंजिनाकडचा भाग पांढऱ्या कोरड्या कापडानं पुसून बघितला, सगळीकडं कापड स्वच्छ आणि एका कोपऱ्यापाशी मातकट रेघ, क्लिपच्या शेजारपासून पाइपच्या तोंडापर्यंत निमुळती होत गेलेली. फिल्टर एका प्रसिद्ध नसलेल्या ब्रँडचा होता, वरून मापात दिसत होता पण त्या कोपऱ्यात पीयूच्या (पॉलियुरेथेनच्या) गॅस्केटची जाडी कमी होती, डबा बंद झाला तरी तिथं दाब येत नव्हता. अशी रेघ दिसली की 99 टक्के आणि 98 टक्के सगळं विसरा, ती हवा गाळलीच जात नाहीये. तेव्हापासून नवा फिल्टर बसवला की काही दिवसांनी डबा एकदा उघडून कापडानं पुसून बघतो, स्वच्छ असेल तर परत उघडायचा नाही. क्लिप तुटलेली असेल, डब्याला तडा असेल, फिल्टर ते टर्बो या पाइपाचा क्लॅम्प ढिला असेल तर फिल्टरच्या आधी त्याच्यावर खर्च करा. डब्याच्या खाली पाणी निघायला छोटा रबरी व्हॉल्व्ह असतो, तो चिखलानं बंद होतो, बोटानं दाबून मोकळा करायचा.

उघड्या कोनच्या किटवर मी एवढा का चिडून बोलतो ते पण सांगतो. मूळ डबा बहुतेक गाड्यांमध्ये फेंडरच्या बाजूनं किंवा ग्रिलच्या मागून बाहेरची थंड हवा घेतो. कोन बोनेटखाली उघडा पडतो, रेडिएटरच्या मागची गरम हवा घेतो, पुढं दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर असला तरी गरम हवा आधी टर्बोला दाबावी लागते. आणि पाणी! डिझेलचं कॉम्प्रेशन 16 ते 18 ला एक असतं, पिस्टनच्या वर जागा अगदी थोडी उरते, सिलिंडरमध्ये थोडं जरी पाणी गेलं तरी ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढ्यातून, साचलेल्या पाण्यातून गाडी काढायची असेल तर हवेचं तोंड जितकं वर तितकं चांगलं. किट घ्यायचंच असेल तर झाकणासकट पूर्ण बंद डब्याचं घ्या, एस अँड बीसारखे लोक डिझेल पिकअपसाठी तसे बनवतात आणि त्यात तेलाचा की कोरडा फिल्टर हेही निवडता येतं. खूपच धूळ असेल तर स्नॉर्केलच्या (हवेचं तोंड वर नेणाऱ्या पाइपाच्या) डोक्यावर सायक्लोन प्री-क्लीनर बसवा, तो हवा गोल फिरवून जाड धूळ बाहेरच फेकतो, फिल्टरचं आयुष्य चांगलंच वाढतं. हा माझ्या मते सगळ्यात कमी कौतुक होणारा पार्ट आहे.

बदलायचा कधी? किलोमीटरवर नाही, अडथळ्यावर. रिस्ट्रिक्शन गेज मिळतो, छोटासा, फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाइपात बसतो, फिल्टर माइंडर नावानं लोक ओळखतात. त्यात पिवळी खूण वर चढत जाते आणि जिथं सगळ्यात जास्त अडथळा आला तिथंच थांबते, मग बटण दाबून खाली आणायची. पिकअपला साधारण 20 ते 25 इंच पाण्याला खूण लाल पट्ट्यात येते, गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असेल तर तोच धरा. फुल लोडवर चढ चढून आलात की वाचा, उभ्या गाडीवर रेस देऊन काही कळत नाही. हा गेज बसवल्यावर लक्षात आलं की बाहेरून काळाकुट्ट दिसणारा फिल्टर प्रत्यक्षात निम्म्यालाही आलेला नसतो, आणि आपण तो उगाच बदलत असतो किंवा त्याहून वाईट म्हणजे हवा मारत असतो. भारी फिल्टरच्या आधी हा गेज घ्या असं मी प्रत्येकाला सांगतो.

आणि खरी परीक्षा ऑइलची. ऑइल बदलताना वाहतं असताना मधल्या धारेतलं थोडं स्वच्छ बाटलीत घेऊन तपासायला द्यायचं, रिपोर्टमध्ये सिलिकॉन बघायचं, मातीत सिलिका असते म्हणून धूळ आत गेली की सिलिकॉन वाढतं आणि सोबत लोखंड, ॲल्युमिनियम, क्रोमियम पण वर सरकतं. एकट्या आकड्यावर जाऊ नका, नवीन इंजिनात किंवा गॅस्केटला सीलंट लावलं असेल तरी सिलिकॉन दिसतं, त्यामुळं तोच रस्ता, तेवढंच अंतर आणि दोन-तीन रिपोर्ट शेजारी ठेवून बघायचं. माझ्या गाडीत कागदी आणि ड्राय सिंथेटिकला सिलिकॉन खाली आणि स्थिर राहिलं, कॉटनला वर गेलं आणि सोबत लोखंडही गेलं. तुमच्या रस्त्यावर वेगळं येऊ शकतं, पण येईल ते कागदावर दिसेल.

घेताना नकली मालाकडं लक्ष ठेवा, चांगल्या नावांचे हुबेहूब बॉक्स मिळतात. जुना फिल्टर सोबत न्या, बाहेरची लांबी रुंदी आणि गॅस्केटची जाडी शेजारी धरून बघा, पार्ट नंबर फिल्टरवर छापलेला आणि बॉक्सवरचा एकच आहे का बघा, घड्या वाकड्या, गोंद सांडलेला, पीयू मऊ न लागता कडक लागतोय असं असेल तर परत करा. आणि धुवायचा फिल्टर घेणार असाल तर एक नाही, दोन घ्या, एक गाडीत आणि एक वाळत, म्हणजे ओला फिल्टर बसवायची वेळच येणार नाही.